नील फ्रँकलिन: बोगोटाला गेलेला सेंटर हाफ

१/ मे १९५०. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा सर्वोत्तम बचावपटू पत्नी आणि लहान मुलासह देशाबाहेर पडला. महिनाभरात ब्राझीलमध्ये विश्वचषक सुरू होणार होता आणि इंग्लंड त्यात प्रथमच उतरणार होते. हा माणूस मात्र ब्राझीलला नव्हे, कोलंबियातील बोगोटा शहरी निघाला होता. त्यानंतर तो इंग्लंडकडून एकही सामना खेळला नाही. त्याचे नाव नील फ्रँकलिन. आजचा धागा त्याच्याविषयी आणि त्याला तिकडे ढकलणाऱ्या करारपद्धतीविषयी.

२/ फ्रँकलिनचा जन्म २४ जानेवारी १९२२ रोजी स्टोक-ऑन-ट्रेंट येथे झाला. चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे कामगारांचे शहर. गावचाच क्लब स्टोक सिटी. तेथेच तो घडला. तो व्यावसायिक खेळाडू झाला त्याच वर्षी, १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नियमित लीग बंद पडली. उमेदीची वर्षे हवाई दलाच्या नोकरीत आणि युद्धकालीन सामन्यांत गेली. १९४६ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

३/ त्याची जागा ‘सेंटर हाफ’. या शब्दाचा अर्थ काळाबरोबर बदलला आहे, म्हणून थोडे थांबू. पूर्वी सेंटर हाफ मैदानाच्या मध्यभागी खेळे. बचाव आणि चढाई दोन्ही त्याच्याकडे असत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. गोलरेषा आणि चढाई करणारा खेळाडू यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे तीन खेळाडू असण्याची अट होती, ती दोनवर आली. गोलांचा पाऊस पडू लागला. उपाय म्हणून संघांनी सेंटर हाफला मागे खेचले आणि दोन फुलबॅकच्या मधोमध उभे केले.

४/ त्यामुळे पुढील दोन दशके सेंटर हाफ म्हणजे धिप्पाड पहारेकरी, असे समीकरण झाले. चेंडू आला की तो डोक्याने वा पायाने दूर भिरकावायचा, एवढेच त्याचे काम. फ्रँकलिन या साच्यातला नव्हता. चेंडू हिसकावून घेतल्यावर तो शांतपणे पायाशी ठेवी, मान वर करून पाही आणि आपल्या सहकाऱ्याला नेमका पास देई. बचाव संपतो तेथेच चढाई सुरू होते, हे त्याच्या खेळाचे सूत्र होते. आज हे नवलाचे वाटणार नाही. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ते विरळा होते.

५/ १९४६ पासून १९५० पर्यंत इंग्लंडच्या सलग २७ अधिकृत सामन्यांत तो खेळला. मे १९४७ मध्ये लिस्बन येथे पोर्तुगालवर १०-०, मे १९४८ मध्ये तुरिन येथे इटलीवर ४-० असे विजय मिळवणाऱ्या संघांत पुढे मॅथ्यूज, मॉर्टेन्सन, लॉटन, मॅनियन, फिनी अशी नावे होती. इतिहास त्यांची नावे घेतो. त्यांच्या मागे, बचावाच्या मध्यभागी, फ्रँकलिन उभा होता.

६/ क्लबच्या पातळीवरही तो शिखराच्या अगदी जवळ पोहोचला होता. १९४६-४७ च्या मोसमात स्टोकला पहिलेवहिले विजेतेपद मिळवण्यासाठी शेवटचा सामना जिंकणे पुरेसे होते. १४ जून १९४७ रोजी शेफील्ड युनायटेडने त्यांना २-१ असे हरवले आणि विजेतेपद लिव्हरपूलकडे गेले. त्याआधी महिनाभर स्टोकने स्टॅन्ली मॅथ्यूजला ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकले होते. ही रक्कम लक्षात ठेवा. कथेचे मर्म अशाच आकड्यांत आहे.

७/ आता वेतन. इंग्लंडमध्ये १९०१ पासून फुटबॉलपटूंना कमाल वेतनाची मर्यादा होती. सुरुवातीस ती आठवड्याला ४ पौंड होती. १९४७ मध्ये ती मोसमात १२ आणि उन्हाळी सुट्टीत १० पौंड झाली. सामान्य कामगाराच्या मजुरीहून हे अधिक खरे. पण कामगाराची नोकरी साठीपर्यंत चाले, फुटबॉलपटूची तिशीच्या मध्यावर संपे. आणि ही मर्यादा होती, हमी नव्हे. कितीही मोठा खेळाडू असो, त्याहून एक पौंडही अधिक देण्यास क्लबला मनाई होती.

८/ वेतनापेक्षा जाचक होती ‘रिटेन अँड ट्रान्सफर’ ही पद्धत. १८९३ पासून ती रूढ होती. खेळाडूचा करार एका वर्षाचा असे. तो संपला की खेळाडू मोकळा झाला, असे आपल्याला वाटेल. तसे नव्हते. क्लबने त्याचे नाव ‘राखून ठेवलेल्यांच्या’ यादीत घातले, की त्याची नोंदणी क्लबकडेच राही. नव्या करारावर सही न केल्यास पगार बंद. आणि क्लबच्या संमतीवाचून लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळण्याचीही सोय नाही. करार संपे, बंधन संपत नसे.

९/ या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. १९४७ मध्ये टॉमी लॉटनला नॉट्स काउंटीने २०,००० पौंडांना विकत घेतले. १९४८-४९ च्या मोसमात लीगच्या सामन्यांना ४ कोटी १० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी हजेरी लावली. हा उच्चांक आहे. म्हणजे पैसा होता. तो तिकीटखिडकीवर येत होता, क्लबांमध्ये फिरत होता. ज्याच्यासाठी लोक रांगा लावत होते, त्याच्या हाती मात्र आठवड्याला १२ पौंडच पडत होते.

१०/ येथे आपण अटलांटिक ओलांडून कोलंबियात जाऊ. ९ एप्रिल १९४८ रोजी बोगोटात लोकप्रिय नेते होर्हे एलिएसेर गाइतान यांची हत्या झाली. शहर पेटले, पुढे देशभर हिंसाचार पसरला. त्याच वर्षी देशात व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली. राष्ट्रीय फुटबॉल संघटनेशी तिचे बिनसले आणि ती फिफाच्या चौकटीबाहेर गेली.

११/ ही बहिष्कृती हीच तिची ताकद ठरली. फिफाच्या चौकटीत नाही, म्हणजे खेळाडूच्या मूळ क्लबला हस्तांतराची रक्कम देण्याचे बंधन नाही. वाचलेला पैसा थेट खेळाडूच्या खिशात जाऊ शकत होता. त्याच सुमारास अर्जेंटिनात खेळाडूंचा संप झाला आणि आदोल्फो पेदेर्नेरा, आल्फ्रेदो दि स्तेफानो असे दिग्गज बोगोटाच्या मिलोनारियोस क्लबात दाखल झाले. या कालखंडाला कोलंबियात ‘एल डोराडो’ म्हणतात.

१२/ नाव मार्मिक आहे. एल डोराडो, म्हणजे सोन्याने मढलेला पुरुष, ही आख्यायिका बोगोटाजवळच्या ग्वाताविता सरोवराशी निगडित आहे. तिच्या मागे लागून वॉल्टर रॅले हा इंग्रज १५९५ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेला होता. सोन्याची नगरी त्याला सापडली नाही. साडेतीनशे वर्षांनी काही इंग्रज पुन्हा त्याच वाटेने निघाले. या वेळी आमंत्रण तिकडून आले होते.

१३/ बोगोटाच्या सांता फे क्लबने फ्रँकलिनपुढे ठेवलेला पगार इंग्लंडमधील मर्यादेच्या कैक पट होता. शिवाय सहीबद्दल वेगळी रक्कम. त्याचे स्टोकशी संबंध आधीच बिघडले होते. पत्नी गरोदर असल्याचे सांगून त्याने विश्वचषकासाठी आपला विचार करू नये असे फुटबॉल असोसिएशनला कळवले. पत्नी गरोदर होती हे खरेच. परंतु हे पूर्ण सत्य नव्हते. मोसम संपताच तो सहकारी जॉर्ज माउंटफर्डसह बोगोटाला गेला.

१४/ इंग्लंडमध्ये गदारोळ उठला. या खेळाडूंना पुढे ‘बोगोटाचे दरोडेखोर’ हे नाव चिकटले. ज्या देशाने युद्धात इतके सोसले, जेथे शिधापत्रिका अजून चालू होत्या, त्या देशात पैशासाठी विश्वचषक सोडणारा माणूस लोकांना रुचणे कठीणच होते. हा राग समजण्यासारखा आहे. पण १२ पौंडांची मर्यादा कोणी घातली, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

१५/ बोगोटा सोन्याचे निघाले नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवरची विरळ हवा, अनोळखी भाषा, राजकीय अशांततेमुळे लागू असलेली संचारबंदी, आणि घरात होऊ घातलेले बाळंतपण. आश्वासने व व्यवहार यांत अंतर असल्याची त्याची तक्रार होती. मोजकेच सामने खेळून, दोनेक महिन्यांत, फ्रँकलिन कुटुंबासह इंग्लंडला परतला.

१६/ परतल्यावर त्याच्यावर बंदी आली. स्टोकने त्याला पुन्हा मैदानात उतरवले नाही. परंतु त्याची नोंदणी? ती स्टोककडेच होती. फेब्रुवारी १९५१ मध्ये क्लबने त्याला दुसऱ्या श्रेणीतील हल सिटीला विकले. किंमत २२,५०० पौंड. ज्याने पैशासाठी खेळाशी प्रतारणा केली असे म्हटले जात होते, त्याच्या विक्रीतून एवढा पैसा उभा राहिला. त्याला हलमध्ये मिळणार होते ते पुन्हा मर्यादेतलेच वेतन. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे सार या एका व्यवहारात आहे.

१७/ एक लोकप्रिय समज येथे तपासला पाहिजे. २९ जून १९५० रोजी बेलो होरिझोंते येथे अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवले. ‘फ्रँकलिन असता तर हे घडते ना’ असे वारंवार लिहिले जाते. पण आकडे काय सांगतात? त्या स्पर्धेत इंग्लंडने चिलीला २-० ने हरवले. अमेरिका आणि स्पेन यांच्याकडून ०-१ अशा दोन हारी पत्करल्या. तीन सामन्यांत स्वीकारलेले गोल अवघे दोन. दोष बचावात नव्हता. त्या दोन पराभवांत इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. अनुपस्थित माणसावर अपयश ढकलणे सोपे असते, एवढेच.

१८/ त्याची उणीव जाणवली ती पुढे. नंतरची चार वर्षे इंग्लंड सेंटर हाफच्या जागी एकामागून एक खेळाडू आजमावत राहिले. नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्ब्लीवर हंगेरीने ६-३ आणि मे १९५४ मध्ये बुडापेस्टला ७-१ असे हरवले. या दोन सामन्यांत सेंटर हाफ वेगवेगळे होते. अखेर १९५४ च्या विश्वचषकात बिली राइट त्या जागी आला आणि स्थिरावला. १०० आंतरराष्ट्रीय सामने खेळणारा जगातील पहिला फुटबॉलपटू तो हाच.

१९/ बोगोटाला गेलेल्या सर्वांची गत सारखी झाली नाही. माउंटफर्ड मोसमभर थांबला, परतला आणि पुन्हा स्टोककडून खेळला. मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटन वर्षभर राहिला. परतल्यावर त्याला सहा महिन्यांची बंदी व २५० पौंडांचा दंड झाला आणि नंतर तो फुलहॅमला विकला गेला. फ्रँकलिन सर्वांत कमी काळ राहिलेल्यांपैकी, पण राष्ट्रीय संघातील हक्काची जागा गमावून त्याने सर्वांत मोठी किंमत मोजली. बंदी उठली, इंग्लंडच्या निवड समितीची दारे मात्र उघडली नाहीत.

२०/ हलमध्ये गुडघ्याच्या दुखापतींनी त्याला ग्रासले. १९५६ मध्ये क्रू अलेक्झांड्रा, मग स्टॉकपोर्ट काउंटी, असे खालच्या श्रेणीत त्याचे शेवटचे दिवस गेले. नंतर सायप्रसमध्ये प्रशिक्षण, १९६३ ते १९६८ कोलचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापकपद आणि पुढे पब चालवणे. ९ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याचे निधन झाले.

२१/ आणि ती पद्धत? खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाचा इशारा दिला आणि जानेवारी १९६१ मध्ये कमाल वेतन रद्द झाले. लगेच फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड देऊ केले. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपल्यावरही खेळाडूला राखून ठेवण्याची प्रथा व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरवली. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोस्मन निकाल आला: करार संपल्यावर युरोपीय संघातील खेळाडू हस्तांतराच्या रकमेविना दुसऱ्या सदस्यदेशातील क्लबात जाऊ शकतो. त्यानंतर दोनच महिन्यांनी फ्रँकलिन वारला.

२२/ त्याला हुतात्मा ठरवण्याचे कारण नाही. त्याने असोसिएशनला अर्धसत्य सांगितले, आणि सांता फेलाही अर्ध्यावर सोडले. तो चळवळीसाठी गेला नव्हता. चार पैसे अधिक मिळावेत म्हणून गेला होता. परंतु ‘लोभी’ हा शब्द कोणाला लावला जातो आणि कोणाला नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेहमी तपासावे. १२ पौंडांहून अधिक मागणारा लोभी ठरला. त्याला २२,५०० पौंडांना विकणे हा मात्र रीतसर व्यवहार होता.

२३/ १९६१ आणि १९६३ हे टप्पे आपण लक्षात ठेवतो, कारण तेथे विजय आहे. त्याआधी एकेकटे भिंतीवर आदळून परतलेले लोक असतात. त्यांच्या वाट्याला विजय येत नाही, पण भिंत कोठे आहे हे त्यांच्यामुळे सर्वांना दिसते. नील फ्रँकलिन त्यांपैकी एक. पुढील धागा ईस्टहॅम खटल्यावर. काही चूक आढळल्यास अवश्य कळवा.