सॅन स्टॉर्म

सॅन मोटर्सने गोव्यात बांधलेली दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ती विसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आली. मोटार म्हणजे कुटुंबाची सोय, असे मानणाऱ्या देशात निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी गाडी काढणे हे धाडस होते. आराखडा फ्रान्सच्या ल मां ग्रुपचा. इंजिन रेनोचे, १,१४९ घ.सेंमी. क्षमतेचे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे.

बॉडी फायबरग्लासची होती आणि या गाडीचे खरे महत्त्व तिथेच आहे. पोलादी पत्र्याला आकार द्यायचा तर प्रत्येक भागासाठी अवजड डाय आणि प्रेस लागतात. तो खर्च हजारो गाड्यांवर विभागला गेला तरच परवडतो. फायबरग्लासचे काम साच्यांवर भागते. साच्यात आधी जेलकोट लावायचा, मग काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून हाताने बसवायचे, घट्ट झाल्यावर कवच सोडवून कडा घासायच्या. काम संथ, पण मोजक्या गाड्या काढणाऱ्या छोट्या कारखान्याला झेपणारे. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ही बॉडी गंजत नाही. मात्र धडक बसली की पोचा पडण्याऐवजी तडा जातो. तिथे डेंटिंगवाल्याचा हातोडा कामाचा नाही, नवे थरच चढवावे लागतात.

ही वाट दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रुळली. शेवर्ले कॉर्व्हेटच्या १९५३ मध्ये अवघ्या ३०० गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या. हॉवर्ड डॅरिन यांनी रेखाटलेली १९५४ ची कायझर डॅरिन तिच्याहून कल्पक: तिची दारे बाहेर न उघडता पुढच्या मडगार्डमध्ये सरकत. रूप देखणे, पण इंजिन विलिसचे, ९० अश्वशक्तीचे. ४३५ गाड्यांवर उत्पादन थांबले. कॉर्व्हेटही सुरुवातीला अडखळली होती, परंतु तिच्यामागे जनरल मोटर्सचे बळ होते आणि १९५५ मध्ये तिला व्ही-८ इंजिन मिळाले. छोट्या कंपनीला असा दुसरा डाव क्वचितच मिळतो.

बॉडी स्वतःची, इंजिन दुसऱ्याचे ही रीत भारतात पुढेही दिसते. मुंबईच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत मांडलेल्या अवंती या स्पोर्ट्स कारमध्ये आसनांच्या मागे बसवलेले दोन लिटरचे टर्बो इंजिनही रेनोचेच होते.