तेंडुलकर आणि ढसाळ

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला १९७२ साली. मी तेव्हा लातूरला नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. दुष्काळाचं वर्ष, आणि लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. मराठी घेऊन बीए झालेला मी त्या कवितांत ओळीओळीला अडखळत होतो. धीर आला तो प्रस्तावनेनं. विजय तेंडुलकरांनाही कित्येक शब्द कळले नव्हते आणि तसं त्यांनी सरळ लिहून टाकलं होतं!

तेंडुलकरांना आपण नाटककार म्हणून ओळखतो, पण 'मराठा', 'लोकसत्ता' अशा पत्रांत त्यांनी नोकरी केली होती. जाऊन पाहायचं, विचारायचं, टिपून ठेवायचं ही सवय तिथलीच असावी. ढसाळ कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढलेले, टॅक्सी चालवलेले, कुणालाच न जुमानणारे. (पुढे आणीबाणीत इंदिराबाईंची बाजू घेऊन त्यांनी स्वतःच्या चाहत्यांनाही बुचकळ्यात टाकलं.) ते तेंडुलकरांना त्या वस्तीत घेऊन हिंडले, शब्दांचे अर्थ सांगितले. गुरुजी २३ वर्षांचा, विद्यार्थी ४४ वर्षांचा! मला हे फार आवडतं.

पण पाहायला आलेला माणूस शेवटी पाहुणाच. १९८३ साली तेंडुलकरांचं 'कन्यादान' आलं. दलित कवी अरुण आठवले समाजवादी घरातल्या ज्योतीशी लग्न करतो आणि तिला मारतो. वाचताना मला ढसाळ आणि मल्लिका अमर शेख आठवल्याच. तसा मेळ पुरता बसत नाही. मल्लिकाबाई शाहीर अमर शेखांची मुलगी, वाढलेल्या कम्युनिस्ट घरात. १९९३ साली याच नाटकाला सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हा याच नाटकापायी आपल्यावर चप्पलही फेकली गेली होती, हे तेंडुलकरांनी सांगितलं.

आमच्याकडे ते नाटक थंड डोक्यानं वाचणं कठीणच होतं. १९७८च्या नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांचा खून झाला, त्याला उणीपुरी पाच वर्षं झाली होती. शाळेतले माझे एक दलित सहकारी म्हणाले, "सर, बायकोला मारणारा कवी यांना आमच्यातच सापडला का?" मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्याच वर्षी मल्लिकाबाईंचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. आता पाहुणा नव्हे, घरातली बाईच बोलत होती. मी ते पुस्तक त्या सहकाऱ्यांना दिलं. आठवड्यानं त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणून दिलं आणि तासाला निघून गेले.