निकाल ठरलेला, मग भांडण कशाचं?

आज कुस्तीवर बोलायचंय, पण तांबड्या मातीतल्या नाही. टीव्हीवरच्या, दोर लावलेल्या रिंगमधल्या, दिव्यांच्या झगमगाटातल्या अमेरिकन कुस्तीवर. हो, तीच. डब्ल्यूडब्ल्यूई. अंडरटेकर, रॉक, जॉन सीना.

माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, दोन हजारच्या दशकात टेन स्पोर्ट्सवर हे लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत एकच वाद रंगायचा: हे खरं असतं की खोटं? डबा खाताना, बसमध्ये, ट्रम्प कार्डं खेळताना, सगळीकडे हाच वाद. आता गंमत अशी, की अमेरिकेतले मुरलेले चाहते तेव्हा हा प्रश्न कधीच मागे टाकून पुढे गेले होते. त्यांचा वाद वेगळाच होता. हे लिहिलंय चांगलं की वाईट? यावर ते आजही तावातावाने भांडतात, आणि या भांडणात त्यांच्या तोंडी सारखा एक शब्द येतो: 'क्रिएटिव्ह'. म्हणजे कोण जिंकणार, कोण कुणाला दगा देणार, कुणाच्या हाती माइक द्यायचा, हे ठरवणारे लेखक आणि त्यांचं काम.

माझा आजचा मुद्दा साधा आहे. या खेळात मल्लांमधली लढत ठरलेली असते. न ठरलेली लढत एकच, लिहिणारे विरुद्ध बघणारे. आणि तिचा इतिहास भलताच रंगतदार आहे.

सुरुवात १९२० च्या दशकापासून करू. एड 'स्ट्रँगलर' लुईस हा पैलवान, बिली सँडो हा त्याचा मॅनेजर आणि टूट्स माँट हा डोकेबाज माणूस. या तिघांनी कुस्तीचा धंदाच बदलला असं मानलं जातं. खऱ्या कुस्त्या तासन्‌तास चालायच्या, दोघं एकमेकांना धरून जमिनीवर पडलेले, आणि प्रेक्षक जांभया देतायत. यांनी वेळेची मर्यादा आणली, वेगवान डाव आणले आणि शेवट आधी ठरवायला घेतले. थोडक्यात, निकाल ठरवण्यामागे सट्टा हे एकमेव कारण नव्हतं. कंटाळा हेही कारण होतं.

आपल्याकडे 'नुरा कुस्ती' म्हटलं की शिवी असते. राजकारण्यांची मिलीभगत झाली की आपण तो शब्द वापरतो. तिथे मात्र नुरा कुस्ती हाच उद्योग झाला, आणि ती नुरा आहे हे लपवणं हा त्या उद्योगाचा पहिला नियम. या गुपिताला त्यांच्यात 'केफेब' म्हणतात. रिंगमध्ये वैरी असाल तर बाहेरही वैरीच राहायचं. एका हॉटेलात जेवायचं नाही, एका गाडीत बसायचं नाही.

पण हे गुपित पहिल्यापासून गळकं होतं बरं का. १९३० च्या दशकातच जॅक फेफर नावाच्या प्रवर्तकाचं बाकीच्यांशी बिनसलं, आणि त्याने न्यूयॉर्कच्या डेली मिरर या वर्तमानपत्रात डॅन पार्कर या क्रीडा पत्रकारामार्फत सगळं उघडं केलं. तरी लोक यायचे थांबले नाहीत. पुढे १९४० च्या दशकाच्या शेवटी टीव्ही आला आणि गॉर्जस जॉर्ज घराघरांत पोचला. सोनेरी कुरळे केस, झगा, आणि तो येण्याआधी रिंगमध्ये अत्तर फवारणारा नोकर. लोक त्याची कुस्ती बघायला यायचे की त्याची हुर्यो उडवायला? बहुतेक हुर्यो उडवायलाच.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये जॉन स्टॉसेल या टीव्ही पत्रकाराने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेव्हिड शुल्ट्झ या मल्लाला तोंडावर सांगितलं, की मला हे खोटं वाटतं. शुल्ट्झने त्याच्या दोन्ही कानांखाली एकेक सणसणीत लगावली. १९८७ मध्ये न्यू जर्सीच्या रस्त्यावर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत अंमली पदार्थ सापडले, ती बातमी झालीच. पण कुस्तीच्या जगात बोभाटा झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. गाडीत आयर्न शेख आणि 'हॅक्सॉ' जिम डगन एकत्र बसले होते! टीव्हीवर एकमेकांचे जानी दुश्मन!

आणि मग १९८९. ज्या गुपितासाठी लोकांनी थपडा मारल्या, ते कंपनीने स्वतःहून सरकारदरबारी सांगून टाकलं. तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे मान्य केलं, की हा खेळ नाही, करमणूक आहे. कारण? राज्याच्या क्रीडा आयोगाचं नियंत्रण आणि कर यांतून सुटका हवी होती.

माझ्या मते खरं वळण हे आहे. 'हा खेळ आहे' असं तुम्ही म्हणता तोवर वाईट निकालाला तुम्ही जबाबदार नसता. पैलवान हरला, नशीब त्याचं. पण 'आम्ही हे रचतो' म्हटलंत की प्रत्येक निकालाला एक लेखक मिळाला. आणि लेखक मिळाला की टीकाकारही आलाच.

तसे टीकाकार आधीपासून तयार होतेच. डेव्ह मेल्टझर नावाचा पत्रकार १९८० च्या दशकापासून 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' हे वार्तापत्र काढतोय. तो कुस्तीला सिनेमासारखे तारे देतो. कमाल पाच. पण ४ जानेवारी २०१७ ला टोकियो डोममधल्या ओकाडा विरुद्ध ओमेगा या लढतीला त्याने सहा दिले, आणि पुढच्या वर्षी त्याच दोघांच्या आणखी एका लढतीला सात. पाचपैकी सात! आम्हा इंजिनिअरांच्या डोक्यात हे बसत नाही, पण चाहत्यांनी त्यावरही महिनोन्‌महिने वाद घातला.

आता तारे म्हणजेच दर्जा का? इथे आपला खली येतो. हिमाचलचा दलीपसिंग राणा. जुलै २००७ मध्ये तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा इथल्या पोरांचा आनंद गगनात मावत नव्हता. आणि त्याच काळात ऑब्झर्व्हरचे वाचक त्याला सर्वांत वाईट मल्ल म्हणून निवडत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्याला धड पळता येत नव्हतं हे खरं, आणि तो नुसता चालत आला तरी इथे अंगावर काटा यायचा हेही खरं. 'चांगलं' कुणासाठी, हा प्रश्न या वादात नेहमी खाली दबलेला असतो.

आता चाहत्यांचा सगळ्यात लाडका दावा तपासू: वाईट लिखाणामुळे डब्ल्यूसीडब्ल्यू ही कंपनी बुडाली. पुरावा म्हणून एक तारीख दिली जाते, ४ जानेवारी १९९९. सोमवारी रात्री दोन कंपन्यांचे कार्यक्रम एकाच वेळी समोरासमोर लागायचे. डब्ल्यूडब्ल्यूएफचा त्या रात्रीचा भाग आधीच चित्रित झाला होता. म्हणून डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निवेदकाने, वरून आलेल्या हुकमाप्रमाणे, तिकडचा निकाल फोडला: तिकडे मिक फोली चॅम्पियन होणार आहे, आणि वर खवचट टोमणा, की त्याला बघायला म्हणे गर्दी होईल. झालं उलटंच. काही लाख घरांतल्या लोकांनी तेवढ्यासाठी चॅनल बदललं. कारण फोली हा अंगावर मार झेलून वर आलेला, न देखणा, न पिळदार माणूस. तो जिंकणार हे कळल्यावर लोकांना तो क्षण बघायचाच होता. निकाल फुटल्याने मजा गेली नाही, उलट वाढली.

आणि डब्ल्यूसीडब्ल्यूने त्या रात्री काय दाखवलं? हल्क होगनने केव्हिन नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश धाडकन आडवा पडला, आणि पट्टा होगनला. लढतीचं तिकीट काढलेल्या लोकांनी काय बघितलं, तर एक बोट. पुढच्या वर्षी तर डेव्हिड आर्केट या नटालाच त्यांनी चॅम्पियन केलं.

पण मंडळी, कंपनी नेमकी कशाने बुडाली? मार्च २००१ मध्ये ती प्रतिस्पर्ध्यालाच विकली गेली, कारण टर्नरच्या वाहिन्यांवर नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांनी कुस्तीच्या वेळाच रद्द केल्या. त्याआधी दुसऱ्या खरेदीदारांशी बोलणी चालू होती. पण टीव्हीवर जागाच नाही म्हटल्यावर ती फिसकटली. म्हणजे वाईट लिखाणाने कंपनी आजारी पाडली, पण प्राणवायूची नळी काढली ती वेगळ्याच लोकांनी. 'गोष्ट वाईट म्हणून कंपनी मेली' ही गोष्ट चाहत्यांना आवडते, कारण त्या गोष्टीत प्रेक्षक न्यायाधीश असतो.

मग प्रेक्षक खरंच काही बदलू शकतो का? २६ जानेवारी २०१४, पिट्सबर्ग. रॉयल रंबल. तीस मल्ल एकेक करून येतात, शेवटी उरतो तो रेसलमेनियाला जातो. लोकांना हवा होता डॅनियल ब्रायन, उंचीने लहानखुरा, दाढीवाला, तंत्रात अव्वल. तिसाव्या क्रमांकाला संगीत वाजलं आणि आला रे मिस्टेरियो. एरवी पोरांचा लाडका, पण त्या दिवशी त्याचीही हुर्यो उडाली. जिंकला बतिस्ता, त्याचीही उडाली. कंपनीने नायक म्हणून आणलेला माणूस लोकांनी एका रात्रीत खलनायक करून टाकला.

आपल्या संगीत नाटकात 'वन्स मोअर' आला की नटाला पद परत म्हणावं लागायचं. हे त्याच्या पुढचं झालं. इथे प्रेक्षक म्हणत होते, पद नको, नाटकच बदला. आणि बदललं. ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायन एका रात्रीत दोन लढती जिंकून चॅम्पियन झाला. त्याआधी महिनाभर लोकांचा निषेधच कथेत ओवला गेला होता. आता इतिहास म्हणून एक पुस्ती जोडायला हवी. रंबलच्या दुसऱ्याच दिवशी सीएम पंक कंपनी सोडून गेला, आणि त्यामुळे रेसलमेनियात एक जागा रिकामी झाली. आवाज लोकांचा होताच, पण जागाही होती. २०२४ मध्ये कोडी रोड्सची लढत रॉकला द्यायचं चाललं तेव्हा पुन्हा असाच गदारोळ झाला. काही दिवसांत कथा वळली, रॉक खलनायक झाला, आणि ७ एप्रिलला कोडीने रोमन रेन्सची १,३१६ दिवसांची सद्दी संपवली.

इथवर ऐकून वाटेल, वा, प्रेक्षकांचं राज्य! पण या लेखनाचा कागद म्हणजे माणसाचं शरीर असतं. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छताजवळून दोरीने रिंगमध्ये उतरवायचं होतं. सुपरहिरोची थट्टा करणारं पात्र, विनोदी प्रवेश. कुणीतरी सुचवलेली, कुणीतरी मंजूर केलेली एक कल्पना. दोरीचा हूक सुटला आणि ओवेन सुमारे ७८ फुटांवरून खाली पडून मेला. कार्यक्रम चालू राहिला. पुढे कुटुंबाने खटला भरला, आणि १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. निकाल ठरलेला असतो म्हणून पडणं खोटं होत नाही.

ब्रायनचंच बघा. ज्या खेळासाठी आपण त्याला डोक्यावर घेतलं, त्याच खेळाने त्याची मान आणि डोकं पार खिळखिळं केलं. चॅम्पियन झाल्यावर दोन महिन्यांत त्याला पट्टा सोडावा लागला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मेंदूला बसलेल्या धक्क्यांमुळे निवृत्ती. पाच तारे देताना हा हिशोब कुठे मांडायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझ्या सॉफ्टवेअरवर कुणी चिडून एक तारा दिला तर माझी फार तर शनिवारची सुट्टी जाते.

२०१८ मध्ये डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ब्रायन परतला, आणि त्याच वर्षी खलनायक झाला. लोक किती चंचल आहेत, असं माइकवर सुनवायला लागला. त्याच्यासमोर लोकांनी उभा केला कोफी किंग्स्टन. घानात जन्मलेला, अकरा वर्षं कायम दुसऱ्या फळीत राहिलेला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये एका जखमी मल्लाच्या जागी ऐनवेळी घेतलेला. एप्रिलमध्ये कोफीने ब्रायनला हरवून पट्टा जिंकला, आणि स्टेडियममध्ये मोठी माणसं रडली. ऑक्टोबरमध्ये ब्रॉक लेस्नरने त्याला दहा सेकंदांच्या आत चितपट केलं.

ते दहा सेकंद बरोबर लिहिले होते का? यावर भांडण अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर नाही, साफ चुकीचे होते. तुमचं वेगळं असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. भेटू.