थांबवण्याचा अधिकार कोणाचा? पडद्यावरील मोडल चौकटीचा इतिहास

१/ #धागा #संगणकाचा_इतिहास
चार अक्षरे टंकली आणि सारा मजकूर नाहीसा झाला, अशी एक कथा कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात सांगितली जात असे. आज वर्डप्रेससाठी प्लगइन लिहिणारा प्रोग्रामर पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडतो, मागचे पान अंधारे करतो आणि उत्तर मिळेपर्यंत वाचकाला जागचे हलू देत नाही. या दोन प्रसंगांना जोडणारा सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम ती कथा. झेरॉक्सच्या आल्टो संगणकावर १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो हा लेखन-प्रोग्राम घडवला. कागदावर जसे उमटेल तसेच पडद्यावर दाखवणारा हा अगदी आरंभीचा प्रोग्राम. मात्र त्याच्या दोन अवस्था होत्या. एकीत कळ दाबली की अक्षर उमटे. दुसरीत तीच कळ आज्ञा ठरे. आज्ञेच्या अवस्थेत आहोत हे विसरून कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला तर? ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची अवस्था सुरू होई आणि ‘टी’ हे एकच अक्षर पानावर उरे.

३/ या अवस्थेलाच इंग्रजीत ‘मोड’ म्हणतात आणि ‘मोडल’ हे विशेषण त्यावरूनच आले. एकाच कृतीचा अर्थ अवस्थेनुसार बदलतो, आणि आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे माणसाने लक्षात ठेवायचे असते. यंत्र ते कधीच विसरत नाही. माणूस मात्र हटकून विसरतो. लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) या संशोधकाने या विषम व्यवहाराविरुद्ध जन्मभर झुंज दिली. त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही क्रमांकाऐवजी ‘नो मोड्स’ अशी अक्षरे होती.

४/ टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्सच्याच मालकीच्या गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तक-प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी जिप्सी हा प्रोग्राम तयार केला. त्यांनी क्रम उलटवला: आधी मजकूर निवडायचा, मग त्याचे काय करायचे ते सांगायचे. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपण ‘कागद फाड’ म्हणतो. वस्तू आधी येते, क्रिया नंतर. इंग्रजीत क्रियापद पुढे येते आणि कर्माची वाट पाहते. ती वाट पाहण्याची स्थिती म्हणजेच एक अवस्था. जिप्सीने ती काढून टाकली. आज सर्वत्र रूढ असलेले कट, कॉपी आणि पेस्ट याच कामातून आकाराला आले.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा सारा खटाटोप प्रोग्रामरांसाठी नव्हता. तो संपादकांसाठी होता. पाठ्यपुस्तकांच्या मजकुरावर हात फिरवणाऱ्या, यंत्राशी पूर्वपरिचय नसलेल्या माणसांच्या कामात यंत्राने खोळंबा करू नये, हा त्यामागील हेतू. पुढे तीन दशकांनी वर्डप्रेससारख्या प्रणालींत लिहिणारे लोक याच वर्गातले असणार होते.

६/ मग मोडल चौकट आली कुठून? टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि तेथील लिसा संगणकाच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. तरीही १९८३ च्या लिसावर आणि १९८४ च्या मॅकिंटॉशवर डायलॉग बॉक्स होतेच. काही प्रश्न टाळताच येत नाहीत: फाइल जतन न करता बंद करायची का? डिस्क पुसायची का? ॲपलच्या मार्गदर्शिकेने तीन प्रकार वेगळे केले. पहिला, काम न अडवणारी चौकट. दुसरा, अडवणारी म्हणजे मोडल चौकट. तिसरा, सावध करणारी सूचना. मोडल चौकटीबाहेर क्लिक केले की संगणक फक्त एक ‘बीप’ काढी. प्रथम उत्तर द्या, मग पुढे जा.

७/ लिसाच्या चाचण्यांतील एक प्रसंग ॲपलच्या जुन्या मंडळींनी लिहून ठेवला आहे. चौकटीतील होकारार्थी बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असे लिहिलेले होते. दोन शब्दांमधील अंतर इतके कमी होते आणि त्या वळणात मोठा ‘आय’ व छोटा ‘एल’ इतके सारखे दिसत, की एका चाचणीकर्त्याने तो शब्द ‘डोल्ट’, म्हणजे ‘मठ्ठ’, असा वाचला. यंत्र आपल्याला मूर्ख का म्हणते, असे त्याला वाटले! त्या बटणावर पुढे ‘ओके’ आले. चार दशकांनंतरही ते तिथेच आहे.

८/ मोडल चौकट टिकण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते वापरणाऱ्याच्या सोयीचे नव्हते. चौकट उघडली की प्रोग्राम एका जागी थांबतो, उत्तर घेतो आणि पुढच्या ओळीवर जातो. दरम्यान वापरणारा दुसरे काही करू शकत नाही. त्यामुळे प्रोग्रामरला अन्य शक्यतांचा विचार करावा लागत नाही. विंडोजने तर पूर्वी ‘सिस्टिम मोडल’ असाही प्रकार दिला: केवळ एक प्रोग्राम नव्हे, सारी प्रणालीच उत्तर मिळेपर्यंत अडवता येई. आपली गुंतागुंत कमी करण्यासाठी दुसऱ्याला थांबवणे, हा मोह तेव्हापासूनचा आहे.

९/ १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट भाषा निर्माण केली आणि हा अधिकार वेबपानांच्या हाती गेला. ‘अलर्ट’, ‘कन्फर्म’ आणि ‘प्रॉम्प्ट’ या तीन आज्ञांनी कोणतेही पान वाचकाला थांबवू शकत असे. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने त्यात पूर्ण मोडल खिडकी उघडण्याच्या आज्ञेची भर घातली. तोवर अडवणारा प्रोग्राम आपण स्वतः विकत घेतलेला किंवा आपल्या यंत्रावर बसवलेला असे. आता अडवणारा अनोळखी होता.

१०/ याच सुमारास ट्रायपॉड या संकेतस्थळावर पॉपअप जाहिरात जन्मली. एका मोटार कंपनीची जाहिरात आक्षेपार्ह मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी बिथरली. पानाशी संबंध दिसू नये म्हणून एथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा प्रोग्राम लिहिला. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मधील लेखात त्यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तोपर्यंत ब्राउझरांनी बंडाळी मोडून काढली होती: २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने आणि फायरफॉक्स १.० ने पॉपअप रोखण्याची सोय घरोघरी पोहोचवली.

११/ दार बंद झाले, तेव्हा भिंतीलाच खिडकी पाडण्यात आली. २००५ मध्ये लोकेश ढाकर यांनी लाइटबॉक्स सादर केला. नवी खिडकी नाहीच. त्याच पानावर एक अर्धपारदर्शक काळा पडदा ओढायचा आणि त्यावर छायाचित्र ठेवायचे. ब्राउझरच्या दृष्टीने हे पानाचेच अंग असल्याने ते रोखले जाण्याचा प्रश्नच नव्हता. हेतू निर्मळ होता: छायाचित्र पाहताना वाचकाने पान सोडून जाऊ नये. पण ही युक्ती पुढे कोणत्याही हेतूसाठी वापरता येणार होती.

१२/ येथे वर्डप्रेस कथेत येते. २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी ते सुरू केले. २००४ च्या १.२ आवृत्तीत प्लगइनची व्यवस्था आली. मार्च २००८ च्या २.५ आवृत्तीने कोडी लिंडली यांचा थिकबॉक्स हा लाइटबॉक्सचा भाऊबंद गाभ्यातच सामावून घेतला. चित्र चढवण्याची चौकट त्यावर उभी राहिली. प्लगइनकारालाही एका ओळीत तो मागवता येई आणि दुव्याला ‘थिकबॉक्स’ हे नाव लावले की चौकट तयार. मात्र लांबी-रुंदी दुव्यातच लिहावी लागे आणि एका वेळी एकच चौकट उघडे.

१३/ ती मर्यादा जाचू लागली, तसे प्रत्येक प्लगइन स्वतःची चौकट घडवू लागले. मग सुरू झाली उंचीची स्पर्धा. पानावरील कोणती वस्तू वर दिसावी, हे एका अंकावर ठरते. ज्याचा अंक मोठा तो वर. वर्डप्रेसच्या माथ्यावरील पट्टीचा अंक ९९,९९९. थिकबॉक्सने घेतला १,००,०५०. डिसेंबर २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीसोबत नवे माध्यम-दालन आले. त्याच्या चौकटीचा अंक १,६०,०००. दोन प्लगइनांच्या चौकटी एकमेकींवर आदळल्या की एकीचे ‘बंद करा’ बटण दुसरीखाली गाडले जाई आणि मधल्यामध्ये लेखकाचा न जतन केलेला मजकूर ओलीस राही.

१४/ पण खरा अन्याय डोळ्यांना दिसणारा नव्हता. काळा पडदा हे केवळ एक चित्र असते. डोळस माणसाला मागचे पान बंद झाले असे वाटते. स्क्रीन रीडरवर पान ऐकणाऱ्या अंध व्यक्तीसाठी मात्र ते उघडेच असते. टॅबची कळ दाबत गेले की लक्ष चौकटीतून निसटून मागच्या, न दिसणाऱ्या दुव्यांत भरकटते. याउलट काही चौकटी लक्ष आत कोंडतात आणि बाहेर पडण्याची कळच देत नाहीत. माउस न वापरणाऱ्याने अशा वेळी पान बंद करून काम सोडून द्यावे, एवढाच मार्ग उरतो.

१५/ म्हणून चौकटीचा एक धर्म हळूहळू लिहिला गेला. उघडताच लक्ष आत जावे. टॅबने ते आतच फिरावे. एस्केपने चौकट मिटावी. मिटल्यावर लक्ष ज्या बटणावरून आले त्याच बटणावर परतावे. आणि ‘ही संवादचौकट आहे, हिचे नाव अमुक’ हे स्क्रीन रीडरला कळावे. मार्च २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीच्या एआरआयए या मानकाने त्यासाठी शब्दसंग्रह दिला. मागचे पान बंद असल्याचे सांगणारी खूण २०१७ च्या आवृत्तीत आली. वर्डप्रेसने मार्च २०१६ मध्ये सुगम्यतेचे निकष आपल्या नव्या कोडसाठी स्वीकारले.

१६/ आज प्लगइनकारासमोर दोन चांगल्या वाटा आहेत. डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून नव्या संपादकासोबत तयार मोडल घटक मिळतो. वरील बहुतेक कर्तव्ये तो स्वतः पाळतो. दुसरी वाट एचटीएमएलच्या ‘डायलॉग’ या मूळ घटकाची. क्रोमने तो २०१४ मध्येच आणला. फायरफॉक्स आणि सफारी मात्र मार्च २०२२ मध्ये आले. तो मोडल रूपात उघडला की ब्राउझर त्याला सर्वांत वरच्या स्वतंत्र थरात ठेवतो. तेथे अंकांची स्पर्धाच संपते, मागचे पान खरोखर निष्क्रिय होते आणि एस्केपही आपोआप चालते. गंमत अशी, की २०१४ मध्ये ज्या आवृत्तीत क्रोमने हा घटक आणला, त्याच आवृत्तीत १९९७ च्या त्या जुन्या मोडल खिडकीला निरोप दिला.

१७/ यंत्रणा सुधारली, म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. कोठे थांबवावे हे मानक सांगू शकत नाही. डिसेंबर २०२१ अखेरच्या आदेशांत फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला, कारण कुकीज स्वीकारणे एका क्लिकवर होते आणि नाकारणे तितके सोपे नव्हते. चौकटीतील दोन बटणांच्या असमान वागणुकीला कायद्याने दिलेली ही किंमत. वर्डप्रेसच्या प्लगइन-संग्रहाचा नियमही सांगतो, की प्लगइनने व्यवस्थापन-पटलाचा ताबा घेऊ नये आणि सूचना मोजक्याच द्याव्यात.

१८/ तेव्हा चौकट घडवण्यापूर्वी प्लगइनकाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा प्रश्न आत्ताच, याच क्षणी विचारणे भाग आहे का? ‘नको’ म्हणणे ‘हो’ म्हणण्याइतकेच सोपे आहे का? आणि माउस बाजूला ठेवून, डोळे मिटून मला या चौकटीत शिरून बाहेर पडता येते का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर चौकट नकोच. पानातल्या एका ओळीत तीच गोष्ट सांगता येते, किंवा कृती करू देऊन ती मागे घेण्याची सोय देता येते.

१९/ लॅरी टेस्लर यांचे फेब्रुवारी २०२० मध्ये निधन झाले, तेव्हा बहुतेक वृत्तांनी कट, कॉपी आणि पेस्ट यांचा उल्लेख केला. त्यांच्या मोटारीवरील पाटी त्याहून कमी प्रसिद्ध आहे, पण तिचे काम अजून संपलेले नाही. गिन कंपनीतील संपादकापासून आज रात्री मराठीत लेख टंकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाची मागणी एकच असते: हातातले वाक्य पुरे होऊ द्या.

धागा येथे पूर्ण होतो. आपल्याला एखाद्या चौकटीने असे कोंडले असेल, तर तो अनुभव खाली जरूर लिहा. आणि प्लगइन घडवणारे कोणी मित्र असतील, तर हा धागा त्यांच्यापर्यंत पोहोचवा. 🙏