आठवड्याचा बाजार : फसकीपासून पावतीपर्यंत

स्मरणिकेसाठी काही जुनी हकीकत लिहून द्यावी असा संपादक मंडळाचा आग्रह पडला, तेव्हा लढायांचा व वंशावळींचा विषय बाजूस ठेवून आम्ही आठवड्याच्या बाजाराचा विषय मुद्दाम निवडला. आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांतून एक पिढी तरी डोक्यावर पाटी घेऊन बाजारी गेलेली आहे. हे सांगण्यास हल्ली काही मंडळींस संकोच वाटतो, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्हांस तो वाटत नाही.

बाजाराचे स्थान आपल्या देशात किती मोठे होते हे गावांच्या व पेठांच्या नावांवरूनच दिसते. पुण्यातील सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार या पेठा वारांच्याच नावाने ओळखल्या जातात. मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची झाल्यास सरकारातून कौल मिळे, काही वर्षे करांची माफी असे आणि पेठेची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे राही. वाणी, उदमी, तेली, तांबोळी, कोष्टी यांस आणून बसविणे, वजनेमापे पाहणे, तंटे तोडणे ही त्यांची कामे. या सेवेबद्दल त्यांस बाजारातून हक्क मिळत. तेल्याकडून पळीभर तेल, तांबोळ्याकडून चार पाने, आणि धान्य वा भाजी घेऊन बसलेल्याकडून मूठभर माल. या मुठीस ‘फसकी’ म्हणत. जुन्या कागदांत शेव-फसकीचा उल्लेख वारंवार येतो. मूठ लहान खरी. परंतु ती कोणाच्या हाताची आणि पाटी कोणाची, हा बाजाराच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे असे आमचे मत झाले आहे.

इंग्रजी अमलात वतने ढासळली, पण मुठी वाढल्या. माल अडत्याकडे गेला की अडत, तोलाई, हमाली, वाराई, धर्मादाय आणि वर ‘कडता’ अशा कपाती लागत. भाव ठरे तो रुमालाखाली बोटे दाबून. या पद्धतीस ‘हत्ता’ म्हणतात. ज्याचा माल विकला जात आहे तो शेजारीच उभा असे, आणि त्यालाच आपल्या मालाचा भाव कळत नसे! मापांचीही तीच कथा. पायली चार शेरांची खरी, परंतु शेर गावोगाव निराळा. घेताना एक माप व देताना दुसरे, अशीही दुकाने असत.

यावर उपाय म्हणून वऱ्हाडात कारंजे येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला व १८९७ साली वऱ्हाडापुरता कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजाराचा कायदा १९३९ साली आला आणि महाराष्ट्र राज्याचा १९६३ साली. उघड लिलाव व ठरलेले वजन ही या कायद्यांची देणगी होय. दशमान वजने १९५८ पासून सुरू झाली ती याच काळात. पुढे बाजार समित्यांतही ज्याचे त्याचे हितसंबंध रुजले, ही गोष्ट निराळी.

याच १८८६ साली पुण्यात लॉर्ड रे यांच्या नावाने मोठी मंडई उघडली गेली. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरत असे. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या इमारतीवरील खर्चास विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली लिहिला, तेव्हा शेतकऱ्यावरील ओझ्याची जाण त्यांस पुरती होती. आज ती मंडई महात्मा फुल्यांच्याच नावाने ओळखली जाते. इतिहासाला असा विनोद अधूनमधून सुचतो.

आता थोडे स्वतःविषयी. आमची आजी दर आठवड्यास घेवडा, वांगी व हिरवी मिरची घेऊन चार मैल चालत बाजारी जाई. माल घरचाच. शेत शेणखतावर पिके. बाजरीच्या तासांमधून तूर, मटकी, हुलगा असे, आणि बियाणे राखेत घोळून मडक्यात ठेवलेले असे. बाजारात कुंभाराची गाडगी, बुरुडाच्या पाट्या, घाण्याचे तेल आणि आम्हां पोरांसाठी गुडीशेव. बाजारपट्टीचा ठेका घेतलेला एक गृहस्थ पावती फाडी, पैसे घेई आणि जाता जाता पाटीत हात घालून मूठभर मिरच्या उचली. आम्ही एकदा आजीस विचारले, “पैसे दिले, मग मिरच्या कशाला?” ती म्हणाली, “अरे बाळा, त्याच्या बापानंही घेतल्यात.” शेटेपण केव्हाच गेले होते, पण फसकी उरली होती. १९७२ च्या दुष्काळात तर पाटीच रिकामी झाली. बाजाराच्या जागी धूळ उडे. घरची माणसे खडी फोडावयास गेली, कामावर सुकडी मिळे व रेशनवर तांबडा मिलो. त्या वर्षी आजीचे मडक्यातील बियाणेही खाण्यात गेले. घरचा तो घेवडा आम्ही पुन्हा कधी खाल्ला नाही. पुढे आम्ही शाळेत शेर-पायलीची गणिते सांगितली, पण या हिशेबाचे उत्तर आम्हांस आले नाही.

म्हणूनच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांचा संग्रह केला व त्यांस २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला, हे वाचून आम्हांस आपल्याच घरची गोष्ट वाटली.

२०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शहरांतून शेतकरी आठवडे बाजार चालविले. अशा बाजारी आम्ही पिशवी घेऊन नेमाने जातो. काही गाळ्यांवर शेतकरी नसून मंडईतून माल आणलेले व्यापारी बसतात, हेही आम्ही पाहिले आहे. हाताकडे पाहिले की कळते. मात्र घाण्याचे तेल, गुऱ्हाळाचा गूळ व हातसडीचा तांदूळ घेऊन खरे उत्पादक येतात आणि भाव विचारताच मोठ्याने सांगतात.

ज्ञातिबांधवांपैकी कोणाच्या घरी शेटेपणाचे, पेठेच्या कौलाचे वा बाजारहक्कांचे जुने मोडी कागद असतील, त्यांनी त्यांच्या नकला संस्थेच्या कचेरीत आणून द्याव्यात. मोडी आम्हांस अद्याप वाचता येते.