उन्हावर चालणारा एसी: यंत्र चाललं, हिशेब अडला

‘सोलरवर घरचा एसी चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर १८७८ मध्येच मिळालं होतं. त्या वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑगस्तँ मूशो या गणिताच्या शिक्षकाने आरशाने ऊन एकवटून त्या उष्णतेवर चक्क बर्फ तयार केला. उष्णतेने बर्फ कसा? फर्दिनां कारे यांच्या यंत्रात कॉम्प्रेसर नसतो. पाण्यात विरघळलेला अमोनिया तापवून बाहेर काढायचा, थंड करून द्रव करायचा. त्याची पुन्हा वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मूशोंना सुवर्णपदक मिळालं. पण तोवर फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झाला होता, आणि सरकारी पाठबळ आटलं.

पुढचा मोठा प्रयत्न १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत झाला. १९७४ मध्ये कोलोरॅडो राज्य विद्यापीठात जॉर्ज लॉफ आणि सहकाऱ्यांनी एक अख्खं घरच प्रयोगासाठी उभं केलं. छतावर ऊन पकडणारे संग्राहक, खाली लिथियम ब्रोमाइडवर चालणारं शीतयंत्र. घर गार झालं! मात्र १९८५ अखेर करसवलत संपली, १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले.

म्हणजे दोन्ही वेळा दोष इंधनाच्या भावाचाच? माझ्या मते पूर्ण नाही. जरा आकडे मांडून बघा. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण ५.३ किलोवॅट उष्णता ओढून घेतो. उष्णतेवरच्या यंत्राचा गुणांक ०.७ धरला, तर त्याला ७.५ किलोवॅट उष्णता लागते. निम्मं ऊन पकडणारे संग्राहक घेतले तर भर उन्हातही १५ चौरस मीटर. शिवाय बाहेर टाकायची उष्णता १३ किलोवॅटच्या घरात जाते, म्हणून कूलिंग टॉवर आणि त्याला पाणी. साध्या एसीला त्याच कामासाठी दीड किलोवॅट वीज पुरते, म्हणजे २० टक्के कार्यक्षमतेचे साडेसात चौरस मीटर पॅनेल. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेचा सेल ६ टक्क्यांवर होता आणि भयंकर महाग. तो स्वस्त झाला आणि उष्णतेचा मार्ग घरापुरता मागे पडला.

आज पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण आपण घरी एसी लावतो रात्री! नेट मीटरिंग असेल तर दिवसाची वीज ग्रिडला देऊन रात्री परत घेता येते, म्हणजे बॅटरीचं काम ग्रिडच करतं. ते नसेल तर आठ तासांना सुमारे ६ युनिट साठवणारी बॅटरी हवी, आणि खर्च तिथेच फुगतो.

दुसरा पर्याय मूशोंचाच: दुपारी बर्फ करून ठेवायचा. एका रात्रीच्या २० युनिट गारव्याला साधारण २१५ किलो बर्फ लागेल. वन बीएचकेमध्ये तो ठेवायचा कुठे, ते तुम्हीच सांगा.