वासोट्याची वाट आणि शिवसागराचं पाणी

मंडळी, वासोट्याला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. बामणोलीहून लाँचमध्ये बसायचं, तास-सव्वा तासाने पलीकडच्या काठाला उतरायचं आणि मग गर्द रानातून गडाची चढण चढायची. परत आलो की आपण सांगतो, ‘‘काय जंगल आहे! माणसाचा हातच लागलेला नाही.’’ आज आपण या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू.

लाँच लागते त्या जागेचं नाव मेट इंदवली. मेट म्हणजे गडाखालची चौकी, पहाऱ्याची वस्ती. गडावर येणाऱ्या-जाणाऱ्यावर मेटकऱ्यांची नजर असायची. म्हणजे रानात पाऊल टाकण्याआधी ते नावच आपल्याला सांगतं, की ही राबती वाट होती. गडाच्या पश्चिमेला कडे तुटलेले आणि खाली कोकण. नागेश्वराच्या गुहेकडून चोरवण्याला उतरणारी वाट आजही आहे. घाटमाथा आणि कोकण जोडणाऱ्या अशा वाटांवर लक्ष ठेवायचं, हे या गडाचं एक काम.

दुसरं काम कैदखान्याचं. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीतले इंग्रज पकडले, त्यांतले काही इथे ठेवले होते. पुढे पेशवाईच्या उत्तरकाळात ताई तेलिणीने हा गड बापू गोखल्यांविरुद्ध लढवला, तो किस्सा सातारा भागात अजून सांगतात. आणि १८१८ मध्ये इंग्रज फौजेने याच रानातून तोफा वर ओढून जुन्या वासोट्यावर चढवल्या, समोरच्या गडावर मारा केला आणि एप्रिलमध्ये गड घेतला. तोफ ओढायची म्हणजे बैल लागतात, माणसं लागतात, झाडं तोडावी लागतात. मग ‘हात न लागलेलं’ रान ते कुठलं?

आता पाण्याकडे येऊ. या साऱ्या इतिहासात तलाव कुठेच नाही. महाबळेश्वराला उगम पावलेली कोयना या खोऱ्यातून दक्षिणेला वाहत होती आणि तिच्या दोन्ही काठांना गावं होती, भातखाचरं होती. १९६० च्या दशकात कोयना धरणाने पाणी अडवलं आणि सुमारे ५० किलोमीटर लांबीचा शिवसागर तयार झाला. पूर्वी वासोट्याला जाणारा माणूस खोऱ्यात उतरून, गावागावांत पाणी पिऊन, नदी ओलांडून चढणीला लागायचा. आपण लाँचमधून तो अर्धा प्रवास त्याच गावांच्या डोक्यावरून करतो!

गावं उठली. कुणी सांगली-सोलापूरकडे गेलं, कुणी ठाणे-रायगडकडे. आयुष्यभर नाचणी-वरीची शेती आणि मुसळधार पाऊस पाहिलेल्या माणसांच्या वाट्याला कोरडं माळरान आलं. जमिनीचा हिशेब न मिटल्यामुळे त्यांच्या पुढच्या पिढ्यांना अगदी अलीकडेही कोयनानगरला येऊन आंदोलनाला बसावं लागलं. त्या पाण्यावर झालेली वीज मात्र आपल्या गिरण्यांत, कारखान्यांत आणि घरांत केव्हाच पोहोचली होती.

पाण्यातून वाचलेल्या वरच्या वस्त्यांचं काय झालं? १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ मध्ये हे रान जागतिक वारशाच्या यादीत गेलं. या काळात त्यांतल्याही काही वस्त्या हलल्या. माणूस गेला तशी झाडी दाटली. रान वाढलं ही आनंदाचीच गोष्ट, त्यात आम्हाला शंका नाही. पण आज जो दुर्गमपणा पाहायला आपण जातो, तो साठ-पासष्ट वर्षांचा आहे. आधी धरणाने आणि मग अभयारण्याने तो घडवला, आणि त्याची किंमत ठरावीक घरांनी मोजली.

तेव्हा पुढच्या वेळी वासोट्याला जाल, तेव्हा गडावरच्या महादेवाचं दर्शन जरूर घ्या, बाबूकड्यावर उभे राहा. पण परतताना संध्याकाळच्या लाँचची घाई होण्याआधी मेट इंदवलीला दहा मिनिटं थांबा. झाडीत घरांच्या जोत्यांचे दगड दिसतात का ते बघा. दिसले, तर त्यांच्यावर बसून डबा खाण्याआधी एवढंच आठवा, की इथे कुणाचा तरी उंबरा होता.